तळाशी बसलेला रंग

विमाने, जहाजे, रणगाडे यांच्या छोट्या प्रतिकृती जुळवून रंगवण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना एक प्रश्न हमखास पडतो. दोन-तीन वर्षांनी कपाटातली रंगाची डबी काढावी, झाकण उचकटावे, तर आत वरती पिवळट तेल आणि खाली चिखलासारखा गोळा. किंवा दुधावर धरते तशी जाड साय. किंवा सगळा रंगच गुळाच्या पाकासारखा चिकट, काडीला ओढला जाणारा. आता काय करायचे? डबी फेकून द्यायची, की वरून थिनर ओतायचे? बहुतेक जण या दोहोंपैकी एक काहीतरी करतात आणि मोकळे होतात.

मी कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्र काही माझा विषय नव्हे. पण माझ्या टेबलावर वह्यांच्या शेजारी अशा डब्या असतात आणि त्यांच्या पायी जे वाचन झाले, त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. घट्ट झालेला प्रत्येक रंग सारखा नसतो. एक रंग नुसता खाली बसलेला असतो. दुसऱ्यातले पातळ द्रव्य उडून गेलेले असते. तिसऱ्याची घडणच बदललेली असते. पहिले दोन परत येतात, तिसरा येत नाही. हा फरक ओळखायला माणसाला बराच काळ लागला, आणि तो ओळखता ओळखता रंगाची पिशवी, नळी, डबी, बाटली असे सगळे बदलत गेले. त्याचीच हकिकत आज सांगायची आहे.

कोणताही रंग म्हणजे मुळात दोन गोष्टींची जोडी. एक रंगाची भुकटी आणि दुसरे तिला धरून ठेवणारे द्रव्य. भुकटी त्या द्रव्यात साखरेसारखी विरघळत नाही, ती नुसती तरंगत राहते. आपली जुनी शाई घ्या. काजळ आणि बाभळीचा डिंक पाण्यात तासन्‌तास घोटून ती करत. घोटायचे ते एवढ्याचसाठी की काजळाचा कण न्‌ कण सुटा व्हावा आणि त्याच्याभोवती डिंकाचे वेष्टन बसावे. कमी घोटलेली शाई दौतीच्या तळाशी लवकर बसते. फारसी आणि उर्दू लिहिणारे कातिब दौतीत रेशमाच्या धाग्यांचा बोळा ठेवत. तो शाई धरून ठेवी आणि बोरूला बेताचीच शाई लागे. अशी दौत उन्हाळ्यात आटून कोरडी पडली, तरी कोणी हळहळत नसे. चार थेंब पाणी घातले, ढवळले, की लिहिणे सुरू. याचे कारण डिंकात आहे. डिंक वाळतो तेव्हा त्यातले फक्त पाणी जाते, डिंक डिंकच राहतो. पाणी दिले की तो पुन्हा विरघळतो. शाळेच्या रंगपेटीतल्या वड्या याच तत्त्वावर चालतात. त्या वाळलेल्याच विकल्या जातात आणि ओल्या कुंचल्याने जाग्या होतात.

तेलात कालवलेल्या रंगाची गोष्ट मात्र निराळी. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि त्याचे कण एकमेकांना साखळीने बांधले जातात. त्यालाच आपण तेलरंग वाळला म्हणतो. खरे तर तो वाळत नाही, तो जुळतो. एकदा जुळला की मूळचे तेल पुन्हा मिळत नाही. म्हणून युरोपातल्या चित्रकारांपुढे शतकानुशतके एक अडचण होती: रंग कालवून ठेवायचा कशात? ते तो डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरत आणि तोंड दोऱ्याने बांधत. लागेल तेव्हा टाचणीने भोक पाडायचे, थोडा रंग पिळून काढायचा आणि भोक खिळ्याने बुजवायचे. पिशवी फुटायची, भोकातून हवा जायची, रंग घट्ट व्हायचा. यावर उपाय काढला जॉन गॉफ रँड या अमेरिकन व्यक्तिचित्रकाराने. तो लंडनमध्ये राहत होता. १८४१ मध्ये त्याने कथिलाच्या, दाबली की तशीच दबून राहणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. तिची खुबी अशी की, रंग बाहेर आला की नळी तेवढी चपटी होते, त्याच्या जागी आत हवा शिरत नाही. आज आपण दात घासायची पेस्ट ज्या नळीतून काढतो, तिची ही पणजी. रंगारी तेलरंग घेऊन उघड्यावर, नदीकाठी चित्रे काढू लागले, त्यात या नळीचा वाटा मोठा आहे.

हवेचा बंदोबस्त झाला. खाली बसण्याचे काय? त्याचा हिशेब मांडला मूळच्या आयर्लंडच्या आणि केंब्रिजमध्ये शिकवणाऱ्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी. १८५१ मध्ये छापून आलेला त्यांचा निबंध लंबकाच्या झोक्यांवर हवेच्या घर्षणाचा काय परिणाम होतो, याबद्दलचा होता. पण त्यातून निघालेला नियम रंगाच्या डबीलाही लागू पडतो. द्रवात पडलेला कण जितका जड, तितका तो लवकर तळाला जातो. द्रव जितका दाट, तितका कण हळू उतरतो. आणि कणाची त्रिज्या दुप्पट झाली, तर उतरण्याचा वेग चौपट होतो. या एका नियमात छंदिष्टाला लागणारे निम्मे शहाणपण आहे. पहिले हे की, बारीक दळलेला रंग जास्त दिवस तरंगतो आणि गुठळ्या झालेला रंग झटकन बसतो. दुसरे हे की, सबंध डबीत थिनर ओतून ठेवू नये, कारण पातळ केलेला रंग लवकर खाली बसतो. हवा तेवढा रंग वेगळ्या वाटीत काढून तिथेच पातळ करावा. तिसरे हे की, पांढरा रंग काळ्यापेक्षा जास्त त्रास देतो. आजच्या पांढऱ्या रंगातले टायटॅनियमचे द्रव्य पाण्याच्या चौपट जड असते, तर काजळ पाण्याच्या दुपटीहूनही हलके. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत हे टायटॅनियमचे पांढरे कारखान्यातून निघू लागले. त्याआधीचे शिशाचे पांढरे तर त्याहूनही जड होते.

आता खास प्रतिकृतींच्या रंगांकडे येऊ. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचे बंदर आहे. तिथे १९१९ मध्ये हंबर ऑइल कंपनी निघाली. हंबर हे तिथल्या खाडीचे नाव. कंपनी विकत होती सायकलीचे तेल. पुढे ती रंगांकडे वळली आणि तिचे नाव आखडून ‘हम्ब्रॉल’ झाले. त्याच सुमारास एअरफिक्स ही दुसरी कंपनी वाढत होती. १९३९ मध्ये ती काढली निकोलस कोव्ह या हंगेरियन ज्यू गृहस्थांनी. आधी फुगवायची रबरी खेळणी, मग प्लास्टिकचे कंगवे. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती, १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज सुट्या भागांच्या संचात, आणि पाठोपाठ स्पिटफायर विमान. वूलवर्थच्या दुकानात हे संच इतके स्वस्त मिळत की शाळकरी पोरांना खाऊच्या पैशांत घेता येत. पण संचातले प्लास्टिक एकरंगी. त्याला रूप द्यायचे तर रंग हवा, आणि तोही थोडासाच. म्हणून आली चौदा मिलीलिटरची इवलीशी पत्र्याची डबी. पुढे १९८६ मध्ये एअरफिक्स हम्ब्रॉलच्याच घरात आली, आणि २००६ मध्ये दोन्ही नावे हॉर्नबी या रेल्वेखेळणी करणाऱ्या कंपनीने घेतली.

या डबीत असतो तो एनॅमल रंग. त्याचा पाया अल्किड नावाच्या राळेचा. १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉय कीनल यांनी तेल, अल्कोहोल आणि आम्ल यांच्या संयोगातून ती सिद्ध केली आणि अल्कोहोल व ॲसिड यांवरून तिचे नाव बेतले. म्हणजे जवसाच्या तेलाचीच ही सुधारलेली नात. स्वभावही आजीचाच: आधी त्यातले थिनर उडते, मग राळ हवेशी जुळते. डबीत या दोन्ही गोष्टी हळूहळू होत असतात, आणि तिसरीकडे भुकटी खाली बसत असते. तिन्ही दुखणी एकाच डबीत. म्हणून औषध देण्याआधी नाडी पाहावी लागते.

ती अशी पाहावी. वर साय असेल तर ती ढवळून आत मिसळू नये. ती जुळलेली राळ आहे. कितीही थिनर घाला, ती विरघळणार नाही, तिचे तुकडे होतील आणि नेमके विमानाच्या पंखावर येऊन बसतील. सुरीच्या टोकाने कडेने सोडवून ती सबंध उचलावी आणि टाकून द्यावी. खालचा रंग बहुधा शाबूत असतो. मग वरचे तेल हलक्या हाताने दुसऱ्या वाटीत काढून ठेवावे. आता तळाचा गोळा. गोल काडी त्यात नुसती फिरते, म्हणून चपट्या टोकाची काडी घ्यावी, तळ आणि कडा खरवडाव्यात आणि गोळा तसाच कोरडा मळावा. मऊ झाला की काढून ठेवलेले तेल थोडे थोडे परत घालत जावे. चटणी वाटताना आपण सगळे पाणी एकदम घालत नाही, तसेच हे. सगळे तेल परत गेल्यावरही रंग दाट वाटला, तर थिनर उडाले आहे असे समजावे आणि व्हाइट स्पिरिट थेंबाथेंबाने घालावे. शेवटी जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्यावा. पण काडी घातल्यावर रंग खरवसासारखा थलथलत असेल, तुकड्यांनी तुटत असेल, तर आतून जुळणी झालेली आहे. त्याच्यावर थिनर वाया घालवू नये.

हे काम खिडकी उघडी ठेवून आणि विस्तवापासून लांब करावे. फार जुन्या डब्यांत शिशाची द्रव्ये असू शकतात, तेव्हा त्या मुलांच्या हाती देऊ नयेत आणि तो वाळलेला रंग घासून धूळ उडवू नये. झाकण लावण्याआधी डबीचा काठ पुसावा. काठावर वाळलेला रंग झाकण नीट बसू देत नाही आणि तिथूनच हवा आत जाते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली डबी वर्षभरात घट्ट होते, ती बरेचदा या काठाच्या फटीमुळे.

चमक नसलेल्या, म्हणजे मॅट रंगाची आणखी एक मेख आहे. त्याला तो कोरडेपणा येतो वाळूच्या जातीच्या बारीक पावडरीमुळे. ती पावडरही खाली बसते. वरवर ढवळून रंग लावला की वरचा तेलकट भागच लागतो आणि लष्करी विमान लग्नाच्या मोटारीसारखे चकाकू लागते. पुष्कळ लोक अशा वेळी कंपनीला दोष देतात. दोष बहुधा काडीचा असतो.

पाण्यावर चालणारे ॲक्रिलिक रंग आले तेव्हा वास गेला, थिनरची कटकट गेली. त्यातल्या एका प्रसिद्ध नावाची, व्हायेहोची, सुरुवात गमतीची आहे. ही कंपनी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत निघाली ती कार्टून चित्रपटांचे रंग करण्यासाठी, आणि १९६९ मध्ये स्पेनला गेली. पुढे तिनेच प्रतिकृतींसाठी सतरा मिलीलिटरची, डोळ्यांच्या औषधासारखी थेंब सोडणारी बाटली लोकप्रिय केली. रँडच्या नळीचीच युक्ती: झाकण उघडून कुंचला बुडवायचा नाही, म्हणजे हवा कमी जाते. पण पाण्याचा रंग म्हणून तो शाळेच्या रंगपेटीसारखा परत येईल, ही समजूत खोटी. ॲक्रिलिकचे सूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी गेले की ते एकमेकांत मिसळून प्लास्टिकची सलग कातडी होते. मग वरून घागरभर पाणी ओता, उपयोग नाही. ओला आहे तोवरच तो वाचवता येतो. पाणी घालायचे ते रंग दाट झाल्याबरोबर, पार आटल्यावर नव्हे. बाटली ढवळता येत नाही, म्हणून हे छंदिष्ट तीत काचेचा मणी किंवा न गंजणाऱ्या पोलादाची गोळी टाकतात. फवाऱ्याचा डबा हलवताना आत खडखडते तीही अशीच गोळी. रंगाचा असा फवारा डबा १९४९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एडवर्ड सेमूर यांनी पहिल्यांदा केला. साधी लोखंडी गोळी मात्र पाण्याच्या रंगात टाकू नये. ती गंजते आणि पांढरा रंग तांबूस होतो.

मित्रहो, कुणी विचारील की एवढ्या चौदा मिलीलिटरसाठी ही यातायात कशाला? नवी डबी आणावी. काही वेळा तेच शहाणपणाचे असते. पण काही छटा आता मिळत नाहीत. हम्ब्रॉलने १९७० च्या दशकात ‘ऑथेंटिक’ नावाची मालिका काढली होती, जुन्या सैन्यांच्या गणवेशांच्या आणि विमानांच्या छटांची. ती केव्हाच बंद झाली. तिच्या डब्या जपून ठेवणारे लोक आहेत. त्यांच्या लेखी ती डबी म्हणजे एक दस्तऐवज असतो.

आणि रंग नीट मिसळला नाही म्हणजे इतिहासाचे काय होते, याचे एक खरेखुरे उदाहरण आहे. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडत असताना ब्रिटिश हवाई दलाने हुकूम काढला की लढाऊ विमानांची खालची बाजू ‘स्काय’ नावाच्या फिकट हिरवट रंगात रंगवावी. त्याआधी ती अर्धी काळी, अर्धी पांढरी असे. जमिनीवरच्या तोफवाल्यांना आपले विमान ओळखू यावे म्हणून. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने टेहळणीच्या विमानांसाठी जी ‘कॅमोटिंट’ छटा वापरली होती, तिच्यावरून ही नवी छटा आली, असे मानतात. छटा नवी, साठा अपुरा आणि शत्रू दारात. मग काही ठिकाणी हाताशी असलेले पांढरे, पिवळे, निळे रंग मिसळून काम भागवले गेले. कुठे ते निळसर झाले, कुठे हिरवट. त्या काळची बहुतेक छायाचित्रे काळी-पांढरी. म्हणून त्या उन्हाळ्यात अमुक विमानाचे पोट नेमके कोणत्या रंगाचे होते, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल तळावर १५२ क्रमांकाची स्क्वॉड्रन स्पिटफायर विमाने घेऊन लढत होती. तिचे नाव होते ‘हैदराबाद’. ब्रिटिश हवाई दलात हैदराबादचे नाव लागलेल्या तीन स्क्वॉड्रन होत्या: ११०, १५२ आणि २५३. ही नावे निजामाने दिलेल्या पैशांच्या मोबदल्यात मिळाली. १५२ च्या बिल्ल्यावर तर चक्क निजामाची पगडी होती, आणि खाली ‘निष्ठावंत मित्र’ अशा अर्थाचे ब्रीद. हैदराबाद संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. ज्या मुलखात ज्वारीवर सारा भरणाऱ्या शेतकऱ्याने कधी विमान पाहिले नव्हते, त्या मुलखाच्या राज्याचे नाव घेऊन ही विमाने इंग्लंडच्या आभाळात लढली. आज या विमानाची प्रतिकृती जगभर बनते, बाजूला ‘यूएम’ ही तिची अक्षरे रंगवली जातात. पण नाव कुठून आले, हे किती जणांना ठाऊक असते? ती माहितीही तळाशी बसलेलीच असते.

असे विमान रंगवायचे तर हम्ब्रॉलच्या क्रमांकांप्रमाणे वरच्या बाजूला २९ चा मातकट आणि ३० चा गडद हिरवा, आणि खाली ९० चा ‘स्काय’. तिन्ही मॅट. तिन्ही खाली बसणारे. ‘स्काय’मध्ये पांढरा मुख्य, त्यात पिवळ्या-निळ्याची छाया. प्रत्येक भुकटी आपापल्या वेगाने खाली जाते. अर्धवट ढवळलेल्या डबीतून पहिल्या दिवशी एक छटा निघते आणि आठवड्याने दुसरी. म्हणजे १९४० मध्ये घाईत झाले तेच आपण निवांत बसून पुन्हा करतो. आणि मग कोणी ते छोटे विमान काचेच्या कपाटात ठेवतो, त्याच्या घरातली मुले तोच रंग खरा मानून मोठी होतात.

म्हणून घट्ट झालेली डबी हाती आली की दोन चुका टाळाव्यात. नुसत्या बसलेल्या रंगाला मेलेला समजून फेकू नये, आणि जुळून गेलेल्या रंगावर पातळ ओतून त्याला जिवंत भासवू नये. आधी चपटी काडी घ्यावी आणि ती तळापर्यंत घालावी. काडीखाली मऊ लागले तर बैठक मारून ढवळत बसावे, दहा मिनिटे तरी. काडीच्या टोकाला काही चिकटेनासे झाले आणि डबीचा तळ स्वच्छ लागला, म्हणजे सगळा रंग वर आला. मगच कुंचला उचलावा.